सत्र संपायच्या आत विचारा: नव्या प्राध्यापकांसाठी विद्यार्थी-फीडबॅकची पद्धत

कॉलेजात नुकत्याच रुजू झालेल्या सहायक प्राध्यापकाची फीडबॅकशी पहिली ओळख बहुतेक वेळा आयक्यूएसीच्या (कॉलेजच्या अंतर्गत गुणवत्ता हमी कक्षाच्या) मेलमधून होते. 'सोबतच्या लिंकवर सर्व विद्यार्थ्यांकडून शुक्रवारपर्यंत फॉर्म भरून घ्यावेत.' लिंक वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर जाते, सीआर (वर्गप्रतिनिधी) दोनदा आठवण करून देतो, काही फॉर्म येतात, पाय चार्ट निघतो आणि कृती अहवाल टाइप होऊन फाइलला लागतो. तोवर सत्र संपलेलं असतं. फॉर्म भरणारी मुलं पुढच्या वर्गात गेलेली असतात. आपल्या उत्तरांचं काय झालं हे त्यांना कधीच कळत नाही, आणि पुढच्या वेळी ती डोळे मिटून सगळीकडे 'उत्तम'वर टिक करतात.

माझं म्हणणं एवढंच आहे की जी मुलं उत्तर देतात त्यांनाच त्या उत्तरांचा उपयोग झाला पाहिजे. त्यासाठी सत्राच्या मध्यावर विचारावं लागतं, थोडकं विचारावं लागतं आणि आठवड्याभरात वर्गात उभं राहून त्याचा हिशेब द्यावा लागतो. बाकी सगळी तंत्रं त्यानंतरची. पण ती तंत्रंही नीट माहीत असावीत, म्हणून क्रमाने सांगतो.

आधी फीडबॅकचे प्रकार वेगळे करा

एकाच शब्दाखाली तीन-चार वेगळी कामं चालतात आणि नवा माणूस गोंधळतो. नॅकची, म्हणजे कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या संस्थेची, २०१७ साली आलेली चौकट घ्या. तिच्यात निकष १.४ मध्ये अभ्यासक्रमाबद्दलचा फीडबॅक आहे. तो विद्यार्थी, शिक्षक, नोकरी देणाऱ्या संस्था, माजी विद्यार्थी वगैरेंकडून कॉलेजने घ्यायचा असतो. निकष २.७ मध्ये विद्यार्थी समाधान सर्वेक्षण आहे, आणि ते नॅक स्वतः विद्यार्थ्यांना ईमेल पाठवून करते. त्यात पर्यायी उत्तरांचे २० प्रश्न आणि २१ वा मोकळा प्रश्न असतो. अभियांत्रिकीच्या कॉलेजांत एनबीएसाठी (तांत्रिक अभ्यासक्रमांना मानांकन देणाऱ्या मंडळासाठी) 'कोर्स एक्झिट सर्व्हे' असतो, ज्यात प्रत्येक कोर्स आउटकम, म्हणजे त्या पेपरातून जे यायला हवं ते, आपल्याला कितपत साधलं हे विद्यार्थी सांगतो.

ही सगळी संस्थेची कामं. ती नेमून दिल्याप्रमाणे करा. या लेखातला फीडबॅक मात्र चौथा आहे: तुमचा एक पेपर, तुमचा एक वर्ग आणि उरलेले सात-आठ आठवडे. तो कोणी मागत नाही, त्यामुळे तो कोणाला दाखवायलाही लागत नाही. तासिका तत्त्वावर काम करणाऱ्यांसाठी हे विशेष महत्त्वाचं आहे. पुढच्या वर्षीची नेमणूक टांगणीला असताना कोणीही मोकळेपणाने 'मी कुठे कमी पडतोय' असं विचारू शकत नाही. सत्राच्या मध्यावरचा हा कागद तुमचा स्वतःचा आहे. तो विभागप्रमुखांना दिलाच पाहिजे असं नाही, आणि सुरुवातीची एक-दोन वर्षं देऊही नका.

केव्हा विचारायचं

सत्र साधारण पंधरा आठवड्यांचं धरलं तर पाचव्या ते सातव्या आठवड्यात. त्याआधी मुलांना तुमची पद्धत कळलेली नसते, आणि त्यानंतर बदल करायला वेळ उरत नाही. पहिल्या सत्रात हा काळ गणपतीच्या आसपास येतो. सुटीच्या आधीच्या आठवड्यात फॉर्म भरून घ्यावा, सुटीत निवांत वाचावा आणि सुटीनंतरच्या पहिल्या तासाला बोलावं, हे वेळापत्रक मला सगळ्यात सोयीचं वाटतं.

पहिली अंतर्गत चाचणी झाली असेल तर तिचे गुण लावायच्या आधी विचारा. गुण पाहिल्यावर येणारी उत्तरं गुणांबद्दलची असतात. सत्राच्या शेवटी पुन्हा विचारायचं असेल तर सबमिशनच्या धावपळीत विचारू नका. जर्नलवर सही आणि फीडबॅकचा फॉर्म एकाच टेबलावर असतील तर खरं उत्तर मिळण्याची आशा सोडा. 'फॉर्म भरल्याचा स्क्रीनशॉट दाखवा, मगच हॉलतिकीट' असा नियम काही ठिकाणी लावतात. त्याने प्रतिसादाची टक्केवारी वाढते आणि उत्तरांची किंमत जाते.

प्रश्न: इथे सगळ्यात जास्त वेळ घाला

कॉलेजांत फिरणारे फॉर्म वर्षानुवर्षं एकमेकांवरून उतरवलेले असतात. त्यात हमखास सापडणारा एक प्रश्न पाहा: 'अभ्यासक्रम उद्योगक्षेत्राच्या सद्य गरजांशी सुसंगत आहे का?' एफवायच्या मुलीने याचं काय उत्तर द्यावं? तिने कारखाना पाहिलेला नाही. तसंच 'शिक्षकांचे विषयज्ञान सखोल आहे.' हे ठरवायला विषय आधी यावा लागतो. विद्यार्थी ज्याचा साक्षीदार आहे तेवढंच त्याला विचारायचं. तो काय सांगू शकतो? शेवटच्या बाकावर आवाज पोचतो का, फळ्यावरचं दिसतं का, सोडवून दिलेल्या उदाहरणांवरून घरी पुढचं उदाहरण सुटतं का, तपासलेली वही परत मिळाल्यावर काय चुकलं ते कळतं का, शंका विचारायला संकोच वाटतो का, या पेपरला आठवड्याला वर्गाबाहेर किती वेळ द्यावा लागतो. या सगळ्याबद्दल त्याच्याइतका चांगला साक्षीदार दुसरा नाही.

दुसरी चूक म्हणजे एका वाक्यात दोन गोष्टी. 'शिक्षक विषय नीट समजावतात व शंकांचे निरसन करतात.' समजावतात छान, पण शंका विचारली की चिडतात, असे शिक्षक असतातच. मग मुलाने टिक कुठे करायची? वाक्यात 'व', 'आणि', 'तसेच' दिसलं की ते तोडून दोन प्रश्न करा, किंवा त्यातला एक काढून टाका.

तिसरी चूक पर्यायांत लपलेली असते, म्हणून ती लवकर दिसत नाही. 'उत्कृष्ट, अतिशय चांगले, चांगले, समाधानकारक, असमाधानकारक' ही पट्टी पाहा. पाचांपैकी चार पर्याय कौतुकाचे आहेत. नाराज मुलाला एकच जागा ठेवलीय, तीही टोकाची. अशा पट्टीवर वर्ग नाखूश असला तरी निकाल 'चांगले' येतो आणि सगळे निर्धास्त होतात. पट्टी दोन्ही बाजूंनी सारखी हवी: पूर्ण सहमत, सहमत, सांगता येत नाही, असहमत, पूर्ण असहमत. प्रॅक्टिकल नसलेल्या पेपरच्या फॉर्ममध्ये प्रयोगशाळेचा प्रश्न राहून गेला असेल तर 'लागू नाही' हाही पर्याय द्या.

शक्य तिथे सहमतीची पट्टी टाळून थेट वस्तुस्थिती विचारा. नॅकच्या त्या वीस प्रश्नांतला पहिलाच प्रश्न या दृष्टीने चांगला आहे: वर्गात अभ्यासक्रम किती पूर्ण झाला, आणि पर्याय ८५ ते १०० टक्के, ७० ते ८४, ५५ ते ६९, ३० ते ५४, ३० हून कमी. इथे मत द्यायचं नाही, आठवून सांगायचं आहे. याच धर्तीवर 'मागच्या दोन आठवड्यांत या पेपरसाठी घरी किती तास बसलात?' असं विचारता येतं. 'शिक्षक गृहपाठ नियमित तपासतात' या वाक्यापेक्षा 'पहिल्या असाइनमेंटवर तुम्हाला लेखी शेरा मिळाला का? हो / फक्त सही / अजून परत मिळाली नाही' हा प्रश्न कितीतरी जास्त सांगून जातो.

भाषेबद्दल आग्रहाने सांगतो. फॉर्म मराठीत असू द्या, खाली इंग्रजी द्या. वर्गात हिंदी किंवा उर्दू माध्यमातून आलेली मुलं असतील तर तीही सोय करा. बारावीपर्यंत मराठीत शिकलेला मुलगा इंग्रजी फॉर्मसमोर अडतो आणि मधल्या पर्यायावर टिक करून सुटका करून घेतो. मोकळ्या उत्तराच्या वर ठळक लिहा: 'मराठी, हिंदी, इंग्रजी, कशातही लिहा. रोमन लिपीत मराठी लिहिलं तरी चालेल.' या एका ओळीने उत्तरांची लांबी वाढते. मुलं जशी बोलतात तशी लिहायला लागतात.

एकूण आठ-दहा प्रश्न आणि दोन मोकळे, याहून जास्त नको. सत्राच्या मध्यावर मी याहूनही कमी करतो. वेग, कळणं, शंका, असाइनमेंट आणि वर्गाबाहेरचा वेळ, एवढे पाच पुरतात. मोकळे प्रश्न असे:

'या पेपरमध्ये कोणत्या एका गोष्टीमुळे तुम्हाला शिकायला मदत होते? ती मी चालू ठेवीन.'

'उरलेल्या आठवड्यांत मी कोणती एक गोष्ट बदलावी?'

'काही सूचना असल्यास लिहा' असं विचारलं की 'नाही' किंवा 'ऑल गुड' येतं. 'एक गोष्ट सांगा' म्हटलं की मुलगा थांबून विचार करतो. 'मी' आणि 'तुम्ही' आल्यामुळे समोर कोणीतरी वाचणार आहे हेही त्याला जाणवतं.

फॉर्म वर्गाला देण्यापूर्वी दोन-तीन मुलांना शेजारी बसवून मोठ्याने वाचायला सांगा. दुसऱ्या वर्गातली असतील तर उत्तम. जिथे ती अडखळतील किंवा 'म्हणजे काय सर?' विचारतील तो प्रश्न बदला.

नाव कळणार नाही याची खरी व्यवस्था

मुलं पहिला प्रश्न हाच विचारतात: 'सर, नाव दिसतं का?' 'नाही' म्हणण्याआधी खात्री करा. गुगल फॉर्ममध्ये ईमेल गोळा करण्याची सोय बंद आहे ना, ते स्वतः तपासा. कॉलेजच्या खात्यावरून फॉर्म बनवला असेल तर ती आधीपासून चालू असू शकते. 'एका माणसाचा एकच प्रतिसाद' हे बटण लावलं तर मुलांना लॉगिन करावं लागतं. ईमेल गोळा करणं बंद असेल तर तुम्हाला नाव दिसत नाही, पण मुलांना भीती वाटतेच. लहान वर्गात मी ते बटण लावत नाही. एखाद्याने दोनदा भरलं तरी त्याने फार बिघडत नाही.

नाव न विचारताही माणूस ओळखू येतो, हे जास्त धोक्याचं. टीवायच्या बारा जणांच्या वर्गात दोनच मुली असतील आणि फॉर्मवर 'लिंग' हा रकाना असेल, तर निनावीपण कुठे राहिलं? रोल नंबर, बॅच, प्रवर्ग, गाव, यातलं काहीही विचारू नका. त्या माहितीचं काय करणार हे ठरलेलं नसताना ती घेण्यात अर्थ नाही. प्रतिसादांच्या शीटमध्ये वेळेचा रकाना आपोआप येतो. वाचायला बसण्याआधी तो काढून टाका आणि ओळींचा क्रम विस्कटा. पाचाहून कमी उत्तरं आली तर आकडे काढूच नका, त्यापेक्षा मुलांशी प्रत्यक्ष बोला.

सत्राच्या शेवटचा फीडबॅक तुम्ही स्वतः गोळा करत असाल तर तो अंतर्गत गुण भरून झाल्यावरच उघडा आणि हे वर्गाला आधी सांगा. मुलांच्या मनातली भीती गुणांची असते, आणि ती रास्त आहे.

फॉर्मच्या माथ्यावर आणखी एक ओळ लिहा: छळ, रॅगिंग किंवा भेदभावाची तक्रार असेल तर ती या फॉर्मवर न लिहिता अंतर्गत तक्रार समितीकडे, रॅगिंगविरोधी समितीकडे किंवा विद्यार्थी तक्रार निवारण समितीकडे करा. त्या समित्यांचे कॉलेजातले संपर्क सोबत द्या. तरीही अशी तक्रार फॉर्मवर आलीच तर ती 'सूचना' म्हणून मोजायची नाही. त्याच दिवशी प्राचार्यांपर्यंत न्यायची.

भरून घेताना

लिंक ग्रुपवर टाकून वाट बघू नका. तासाची पहिली दहा मिनिटं द्या. शेवटची दिली तर मुलं बसच्या घाईत असतात. क्यूआर कोड फळ्यावर लावा. ज्यांच्याकडे फोन नाही किंवा डेटा संपलाय त्यांच्यासाठी छापील प्रती ठेवा आणि कागदावर भरलेले फॉर्म सीआरकडून पाकिटात घ्या. 'हे मी सुटीत वाचणार आहे आणि सुटीनंतर पहिल्या तासाला काय बदलणार ते सांगणार आहे' एवढं बोला आणि वर्गाबाहेर जा. खरोखर बाहेर जा, दारात उभे राहू नका.

किती जणांनी भरलं याला महत्त्व का आहे ते एका हिशेबाने पाहा. वर्गात ६० मुलं, १८ जणांनी फॉर्म भरला आणि त्यांची सरासरी पाचपैकी ४.४ आली. आनंद वाटतो. पण न भरणाऱ्या ४२ जणांचं मत सरासरी ३.२ असेल तर पूर्ण वर्गाची सरासरी ३.५६ होते. गैरहजर राहणारी, मागे पडलेली, विषय सोडून दिलेली मुलं याच ४२ मध्ये जास्त असतात. म्हणून अर्ध्याहून कमी वर्गाने भरलेल्या फॉर्मवरून वर्गाबद्दल बोलू नये, ज्यांनी भरला त्यांच्याबद्दल बोलावं. ज्या दिवशी प्रॅक्टिकल आहे आणि हजेरी चांगली असते, तोच दिवस निवडा.

आकडे कसे वाचायचे

सरासरी शेवटी बघा. आधी प्रत्येक पर्यायावर किती जण आहेत ते बघा. वेगाच्या प्रश्नात हे फार स्पष्ट दिसतं. 'फार हळू' पासून 'फार जलद' पर्यंतच्या पट्टीवर अर्धा वर्ग 'हळू' म्हणतो, अर्धा 'जलद' म्हणतो. सरासरी येते 'योग्य', आणि वर्गात एकालाही वेग योग्य वाटत नसतो. बारावीला गणित घेतलेली आणि न घेतलेली मुलं एकत्र बसतात त्या वर्गात मी हे चित्र वारंवार पाहतो. यावर वेग कमी करणं हा उपाय नाही. पहिल्या गटाला जास्तीची उदाहरणं आणि दुसऱ्या गटाला आठवड्यातून एक पूरक तास, असा काहीतरी मार्ग काढावा लागतो.

४.१ आणि ४.२ यांत फरक नाही. चाळीस मुलांच्या वर्गात तीन-चार मुलांनी एकेक पायरी वर टिक केली की एवढा फरक पडतो. सक्तीच्या पेपरची तुलना निवडीच्या पेपरशी करू नका, आणि ऐंशी जणांच्या वर्गाची पंधरा जणांच्या वर्गाशीही नाही. तुलना करायचीच तर स्वतःच्या त्याच पेपरच्या मागच्या वर्षीशी करा.

मोकळी उत्तरं: खरं काम इथे आहे

सगळी उत्तरं एकदा सलग वाचा आणि बंद करा. पहिल्या वाचनात बोचणारं एक वाक्य डोक्यात बसतं आणि पस्तीस चांगली वाक्यं दिसेनाशी होतात, हे प्रत्येकाचं होतं. दुसऱ्या दिवशी पुन्हा उघडा आणि आता हातात पेन घेऊन प्रत्येक उत्तराचे तुकडे करा. एका उत्तरात दोन मुद्दे असतील तर दोन ओळी. मग तीन ढीग करा. पहिल्यात मला उद्यापासून बदलता येण्यासारखं: फळा, नोट्स, असाइनमेंट, उदाहरणं, शंकांची वेळ. दुसऱ्यात विभागाच्या किंवा कॉलेजच्या हातातलं: वेळापत्रक, पंखा, प्रोजेक्टर, प्रयोगशाळेतली उपकरणं. तिसऱ्यात विद्यापीठाच्या हातातलं: अभ्यासक्रम, परीक्षेचं स्वरूप, श्रेयांक. नवा माणूस तिसऱ्या ढिगाकडे बघून हताश होतो. पण बहुतेक वर्गांत पहिला ढीग सगळ्यात उंच निघतो.

मोकळं उत्तर जसंच्या तसं घेऊ नये, त्याचा अर्थ शोधावा लागतो. आमच्याकडे एसवायला ऑरगॅनिक केमिस्ट्री शिकवणाऱ्या एका सहकारी मॅडमच्या फॉर्मवर एकच शब्द पुन्हा पुन्हा आला: 'फास्ट'. कोणी 'खूप फास्ट', कोणी 'मॅडम थोडं स्लो घ्या'. मॅडम मुळात सावकाश बोलणाऱ्या, त्यांना काही उमजेना. त्यांनी तासानंतर सीआर आणि आणखी तिघा-चौघांना थांबवून विचारलं, 'अगं, फास्ट म्हणजे नक्की काय? मी बोलते ते?'

सीआर म्हणाली, 'नाही मॅडम, बोलणं नाही. तुम्ही मेकॅनिझममधले ॲरो काढता ना, तेव्हा आम्ही अजून आधीचं स्ट्रक्चर उतरवत असतो. वर बघेपर्यंत ॲरो झालेले असतात. मग ते कुठून कुठे गेले तेच कळत नाही.'

मॅडमनी बोलण्याचा वेग बदलला नाही, पोर्शनही कापला नाही. पुढच्या मेकॅनिझमपासून (अभिक्रिया टप्प्याटप्प्याने कशी घडते हे बाणांनी दाखवणारी आकृती) त्यांनी सगळी स्ट्रक्चर्स छापलेलं एक पान झेरॉक्स करून वाटायला सुरुवात केली. त्यावर बाण नसायचे. मुलांनी फक्त बाण काढायचे, मॅडमबरोबर, एकेक करून. उतरवण्यात जाणारा वेळ वाचल्यामुळे 'हा बाण इथूनच का निघाला?' असं विचारायला वर्गातच सवड मिळू लागली. फॉर्मवरच्या 'फास्ट'वरून नुसता निष्कर्ष काढला असता तर मॅडम आणखी सावकाश बोलल्या असत्या आणि अडचण तशीच राहिली असती.

म्हणून फॉर्मनंतर पाच-सहा मुलांशी बोलणं हा पद्धतीचा भाग धरा. हुशार म्हणून माहीत असलेली तेवढीच मुलं निवडू नका. 'तू हे लिहिलंस का?' असं चुकूनही विचारू नका. 'वर्गातून असं आलंय, तुम्हाला काय वाटतं?' एवढंच. तुम्हाला समोर बसून ते जमत नसेल तर एखाद्या सहकाऱ्याला बोलायला सांगा आणि तुम्ही त्यांच्या वर्गासाठी तेच करा.

अपमानकारक शेरे येतील. कपड्यांवर, उच्चारांवर, गावाकडच्या बोलीवर. सुरुवातीच्या वर्षांत एखाद्या विश्वासातल्या सहकाऱ्याला आधी वाचून अशा ओळी काढून टाकायला सांगा. टीका मात्र एकही गाळू नये, हे त्यांच्याशी ठरवून घ्या. उरलेल्यात तुमच्या शिकवण्याबद्दल काही असेल तेवढं घ्या.

वर्गात हिशेब द्या

हे टाळलं तर आधीचं सगळं वाया गेलं असं समजा. आठवड्याभरात, तासाच्या सुरुवातीला, पाच मिनिटांत सांगा: तुम्ही मला काय सांगितलंत, मी काय बदलतोय, काय बदलणार नाही आणि का. बदल दोनच असू द्यात, पण पुढच्याच तासापासून दिसणारे. 'नोट्स आधी ग्रुपवर टाका' ही मागणी नेहमी येते. ती मान्य करायची नसेल तर तसं सांगा: आधी टाकल्या की लिहिणं थांबतं, म्हणून मी त्या तासानंतर त्याच संध्याकाळी टाकीन. कारण दिलं की नकारही मुलांना पटतो.

दुसऱ्या ढिगातलं विभागप्रमुखांना लेखी द्या आणि दिल्याचं वर्गाला सांगा. तिसऱ्या ढिगातलंही फुकट नाही. संलग्न कॉलेजातला शिक्षक अभ्यासक्रम बदलू शकत नाही, पण महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ कायदा, २०१६ खालच्या अभ्यास मंडळांकडे विभागामार्फत पत्र जाऊ शकतं. स्वायत्त कॉलेजात तर अभ्यास मंडळ आपलंच असतं आणि ठराव विद्या परिषदेपुढे जातो. 'मुलांना तिसरं युनिट अवघड जातं' असं मोघम लिहू नका. 'तिसऱ्या युनिटला बारा तास दिलेत, त्याला लागणारं अवकल समीकरणांचं प्रकरण मात्र पुढच्या सत्रात आहे' असं नेमकं लिहिलं तर त्यावर चर्चा होते.

या आकड्यांवर किती विसंबायचं

फीडबॅकमध्ये जास्त गुण म्हणजे जास्त शिक्षण, असं धरून चालता येत नाही. अमेरिकेच्या हवाई दलाच्या अकादमीत विद्यार्थी कोणत्या प्राध्यापकाकडे जाणार हे यदृच्छेने ठरतं आणि परीक्षा सर्वांना समान असते. तिथल्या माहितीवरचा अभ्यास २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. ज्या प्राध्यापकांच्या मुलांना चालू पेपरात चांगले गुण पडले आणि ज्यांना फीडबॅकही चांगला मिळाला, त्यांची मुलं पुढच्या संबंधित पेपरांत सरासरीने मागे पडलेली दिसली. हार्वर्डमध्ये भौतिकशास्त्राच्या प्राथमिक वर्गांवरचा २०१९ चा प्रयोगही लक्षात ठेवण्यासारखा आहे. गटात बसून उदाहरणं सोडवणारी मुलं चाचणीत पुढे होती, पण आपण कमी शिकलो असं त्यांना वाटत होतं. छान व्याख्यान ऐकणाऱ्यांचं नेमकं उलट. म्हणजे तुम्ही वर्गात मुलांना जास्त राबवू लागलात तर सुरुवातीला फीडबॅक घसरू शकतो. तेव्हा लगेच मागे फिरू नका. असं का करतोय ते पहिल्याच आठवड्यात वर्गाला सांगा आणि चाचणीचे गुण शेजारी ठेवून बघा.

पूर्वग्रहाचा प्रश्न त्याहून गंभीर आहे. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी प्रयोगात ऑनलाइन वर्गातल्या एका पुरुष आणि एका स्त्री सहायकाने आपापला एक गट स्वतःच्या ओळखीने आणि दुसरा एकमेकांच्या ओळखीने शिकवला. शिकवणारा पुरुष आहे असं ज्या गटांना वाटत होतं त्यांनी जास्त गुण दिले. असाइनमेंट सारख्याच वेळी परत दिल्या होत्या, तरी वक्तशीरपणातही पुरुषालाच झुकतं माप मिळालं. टोरांटोच्या तेव्हाच्या रायरसन विद्यापीठात २०१८ मध्ये लवादाने निर्णय दिला की बढतीसाठी अध्यापनाची परिणामकारकता मोजायला विद्यार्थ्यांचं फीडबॅक सर्वेक्षण वापरू नये. आपल्या कॉलेजांत वेतनवाढ किंवा नेमणुकीच्या वेळी या सरासऱ्या टेबलावर येतात तेव्हा तुम्ही समितीत असाल, तर हे सांगायला कचरू नका. एखाद्या नव्या मॅडमची नोकरी ३.८ आणि ४.० यांतल्या फरकावर ठरू नये. सर्वेक्षणासोबत दोन तासांचं प्रत्यक्ष निरीक्षण, प्रश्नपत्रिका, तपासलेल्या वह्यांचे नमुने आणि पुढच्या वर्षीच्या पेपरातली मुलांची कामगिरी, एवढं तरी बघायला हवं.

काय जपून ठेवायचं

सत्र संपल्यावर कोर्स फाइलमध्ये एक पान ठेवा. त्यावर काय विचारलं, किती जणांपैकी किती जणांनी उत्तर दिलं, कोणते मुद्दे आले, काय बदललं आणि पुढच्या वेळी काय करून बघायचं. कृती अहवाल मागितला की याच पानावरून लिहा. 'विद्यार्थ्यांच्या सूचनांची दखल घेऊन योग्य ती कार्यवाही करण्यात आली' या वाक्याऐवजी 'मेकॅनिझमसाठी छापील पानं सहाव्या आठवड्यापासून सुरू केली' असं वाक्य तिथे येऊ द्या. समितीलाही तेच वाचायचं असतं.

प्रश्नांचे शब्द निदान तीन वर्षं बदलू नका, नाहीतर मागच्या वर्षीशी तुलना होणार नाही. नवी बॅच आली की पहिल्या तासाला सांगा की मागच्या बॅचच्या सांगण्यावरून या पेपरमध्ये हे-हे बदललंय आणि गणपतीच्या आधी मी तुम्हालाही विचारणार आहे. तो पेपर पुढच्या वर्षी दुसऱ्या कोणाकडे गेला तर बदलांचं पान त्यांच्या हातात द्या. मुलांच्या मोकळ्या उत्तरांची शीट मात्र देऊ नका. ती तुम्हाला उद्देशून लिहिलेली आहेत. पान तयार झालं की ती शीट पुसून टाकायला हरकत नाही.